तीन पोती वांगी

वांग्यात ब्याण्णव टक्के पाणी असतं. हे मी नुसतं वाचलेलं नाही, प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळवून आणि वजन करून पाहिलेलं आहे. प्रयोगशाळा रंगाच्या कारखान्याची होती आणि भट्टी वांग्यांसाठी नव्हती, पण ते असो. सांगायचं एवढंच, की उरलेल्या आठ टक्क्यांनी पनवेलच्या आमच्या घरात एका थंडीत जे काही घडवलं, त्याचा उलगडा मला कुठल्याही शास्त्रानं झालेला नाही.

तळोज्याच्या कारखान्यात आम्ही चारजणी गुणवत्ता तपासणीत होतो आणि चौघीही पनवेलमध्येच राहत होतो. आमच्यातली सुनीता उत्साही. तिनं प्रांतवार जेवणांची टूम काढली. दर दोन महिन्यांनी एका घरी जेवण, आणि त्या दिवशी ते घर म्हणजे एक प्रांत. पहिलं जेवण तिच्याकडे झालं, पंजाबी. तिच्या नवऱ्यानं पलंगपोसाचा फेटा बांधला होता, तो वाढताना सुटून छोल्यांत पडला. दुसरीकडे केरळ झाला. केळीच्या पानावर जमिनीवर बसून जेवायचं होतं. आमच्यातल्या एका गृहस्थांच्या पायात असा गोळा आला, की त्यांना पानासकट उचलावं लागलं. तिसरीकडचा बंगाल डब्यातल्या रसगुल्ल्यांवर भागला. नियम एकच होता: बेत काय आहे हे पाहुण्यांना ताटात पडेपर्यंत कळता कामा नये. सुनीतानं हा नियम इतक्या वेळा बजावला होता, की मी तो पाळला. मी नियम पाळणारी बाई आहे. त्या प्रकरणात माझा दोष असलाच तर तो एवढाच.

माझी पाळी आली तेव्हा मी प्रांत शोधत होते आणि नवरा वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्राआडून गुरुदत्त म्हणाला, "खानदेश कर. भरीत पार्टी."

गुरुदत्त मूळचा यावल तालुक्यातला. तिकडे थंडीत शेतावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात, त्यात हातभर लांबीची हिरवी वांगी भाजतात, लाकडी उखळात मिरची-लसणाबरोबर ठेचतात आणि गावच्या गाव ते पुऱ्यांबरोबर खातं. हे वर्णन मी लग्नापासून ऐकत आले होते. सांगताना त्याचा आवाज असा होई, की मी मध्ये काही विचारत नसे.

"ती वांगी इथे कुठं मिळायला?" मी म्हणाले.

"आप्पाला सांगतो," तो म्हणाला, आणि त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

गणूआप्पा म्हणजे गुरुदत्तचे काका. वडील लहानपणी गेले तेव्हा याला त्यांनी वाढवलं, शिकवलं. त्याच्यासाठी त्यांनी एका केळीवाल्या बागायतदाराची मुलगी पाहिली होती, शब्दही दिला होता. आणि यानं मुंबईत माझ्याशी लग्न ठरवलं. आप्पा रागावले नाहीत. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, मला साडी दिली आणि गेले. पुढे अकरा वर्षांत आमच्या घरी कधी आले नाहीत. कामासाठी मुंबईला आले तरी त्याच दिवशी परत जात. बोलावलं की म्हणत, "वेळ नाही भो." आणि मला म्हणत, "मॅडम, बरं आहे ना?" मी सुशिक्षित सून म्हणून मॅडम, असं गुरुदत्त म्हणे. मला ते तसं वाटत नसे.

गुरुदत्तनं स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला. आप्पांना बोलावून आणलं. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "माणसं किती?" गुरुदत्त म्हणाला, "बारा." मग आप्पा म्हणाले, "पाठवून काय भाजता येणार आहे तुम्हाला? मीच येतो."

बूथमधून बाहेर आलेला नवरा मला अजून आठवतो. सुट्टे पैसे परत घ्यायला तो विसरला होता. तेव्हापासून ती पार्टी माझ्या मैत्रिणींसाठी उरली नाही. आप्पा अकरा वर्षांनी येणार होते, आणि त्यांनी इथून समाधानानं जावं एवढीच माझी इच्छा होती.

जाळ करायचा म्हणजे जागा हवी. आमच्या इमारतीची गच्ची मोठी होती आणि तिची किल्ली सेक्रेटरी दिनानाथ गोवेकरांच्या जानव्याला असे. दिनानाथ पोस्टातून निवृत्त झालेले, आणि इमारतीतली प्रत्येक गोष्ट ते वजन करून शिक्का मारल्यासारखी करत.

"निमित्त काय?" त्यांनी विचारलं.

"निमित्त काही नाही. रविवारी मित्रमंडळी जेवायला येणार आहेत."

"तसं नाही चालत वहिनी. धार्मिक कार्य असेल तर गच्ची विनामूल्य. खासगी असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी. जेवायला करणार काय?"

"वांग्याचं भरीत."

दिनानाथांनी चष्मा काढला. "रविवारी?"

"रविवारी."

"पुढच्या शुक्रवारी चंपाषष्ठी आहे. तेव्हा करत असाल तर धार्मिकात बसवतो. भरीत-रोडग्याचा नैवेद्यच असतो."

मला वाटलं, काय हा माणूस. गच्चीच्या नियमात बसवण्यासाठी मी आमच्या जेवणाची तारीख बदलू? "रविवारच ठरलाय," मी म्हणाले. दिनानाथांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाकिटावर तिकीट न लावता ते पेटीत टाकलं होतं. "बघा बुवा," ते म्हणाले. "तुमच्यात चालत असेल."

गच्ची मिळाली नाही. शिवाय वर डांबर आहे, ते वितळेल, हेही त्यांनी सांगितलं. ते मात्र बरोबर होतं. डांबराचा मऊ होण्याचा तापमानबिंदू मला ठाऊक होता.

खाली कमळाबाई राहत. त्यांचं वय कोणाला माहीत नव्हतं आणि त्यांचा सल्ला कोणाला चुकला नव्हता. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "वांग्याचं ऐकलं हो. आता?"

"हो, थंडी आहे ना."

"थंडी आहे ते दिसतंय. पण आता?" त्यांनी मान हलवली. "हिंग घाला निदान. वातूळ असतं."

माझ्या स्वयंपाकाबद्दल इमारतीचं मत काय आहे ते मला त्या दिवशी समजलं, असं मला वाटलं. मी जिना चढून वर आले आणि दार लावून घेतलं. त्या इमारतीत राहायला आल्यापासून तीन वर्षांत मी कोणाच्या घरी गेले नव्हते, आणि का गेले नव्हते तेही त्या क्षणी मला अगदी स्पष्ट झालं.

आप्पा केळ्यांच्या ट्रकमधून आले. ट्रक वाशीला केळी उतरवून पुढे कळंबोलीपर्यंत आला, आणि तिथे आम्ही एक टेम्पो घेऊन उभे होतो. ट्रकच्या मागच्या फळीवरून आधी आप्पा उतरले. धोतर, टोपी, खांद्यावर फिरकीचा तांब्या. मग एक पोतं उतरलं. मग दुसरं. मग तिसरं. मग माणसाएवढ्या उंच कपाशीच्या काड्यांचा भारा, आणि शेवटी लाकडाचं एक उखळ, ज्यात आमची मोरी मावली असती.

"आप्पा," गुरुदत्त म्हणाला, "बारा माणसं सांगितली होती."

"मग? बारा माणसं बोलावली तर त्यांची माणसं कुठं जेवतील?"

मी पाण्याची बाटली पुढे केली. आप्पांनी खांद्यावरच्या तांब्यावर हात ठेवला. "आहे माझ्याजवळ, मॅडम."

पनवेलच्या वेशीवर तेव्हा जकात नाका होता. वांग्यांचं पाच मिनिटांत उरकलं. काड्यांवर अडलं.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"कपाशीच्या काड्या," आप्पा म्हणाले.

"कपाशी म्हणजे कापूस."

"कापूस वेचून झाला भो. ह्या नुसत्या काड्या."

कारकून उठला, भाऱ्याभोवती फिरला आणि एका बोंडातून पांढरा पुंजका ओढून त्यानं आमच्यापुढे धरला. "मग हा?"

त्या काळी शेतकऱ्याचा कापूस सरकारनंच घ्यायचा असा कायदा होता, आणि ते कारकुनाला कोणीतरी सांगितलेलं होतं. आता गुरुदत्तनं गप्प राहायला हवं होतं. तो राहिला. मीही राहायला हवं होतं.

"हे पाहा," मी शांतपणे म्हणाले, "हा कापूस म्हणून धरायचं कारण नाही. शास्त्रीयदृष्ट्या हे सगळं मिळून सेल्युलोज आणि लिग्निन आहे."

कारकुनाचं पेन थांबलं. "म्हणजे केमिकल?"

"एका अर्थी सगळंच केमिकल असतं."

"तुम्ही कुठे असता?"

"तळोज्याला. रंगाच्या कारखान्यात."

त्यानं आतून दरांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि ते रसायनांच्या पानावर उघडलं. टेम्पोवाला खाली उतरून विडी ओढायला लागला. आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा टेम्पोत बसता का?"

मी बसले. आतून मला ऐकू येत होतं. "साहेब, जाळायला आणल्या आहेत. वांगी भाजायला. रविवारी तुम्ही पण या." कारकून म्हणाला, "मग असं सांगा ना, जळण." त्यानं पावती फाडली. पावती हातात देताना तो थांबला. "रविवारी? वांगी?" त्यानं टेम्पोतल्या माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. नाक्यावरच्या कारकुनानं आपली कीव करावी, असं मी आयुष्यात काय केलं होतं, हे मला कळेना.

जागेचा प्रश्न आप्पांनी अर्ध्या तासात सोडवला. इमारतीच्या मागे चांगो म्हात्रेंचं शेत होतं. इमारत ज्या जमिनीवर उभी होती तीही त्यांचीच. ती विकून त्यांनी मोटारसायकल घेतली होती आणि उरलेल्या तुकड्यात भात काढून वाल पेरले होते. आप्पा बांधावर जाऊन बसले आणि दोन शेतकरी बोलावेत तसं जमीन, पाणी आणि सरकार याविषयी बोलून आले. मागोमाग चांगो आले.

"वैनी, जागा घ्या हो. पन पार्टी कसली हाय?"

"भरिताची."

"कोंबडीचं भरीत?"

"वांग्याचं."

चांगोंनी आप्पांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. "आनि कोंबडी?"

"कोंबडी नाही."

"वांग्याची पार्टी," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्यात वांग्याला कोनी पावना नाय बोलवत. पन करा, तुमची हौस हाय तं."

रविवारी दुपारीच जाळ पेटला. आप्पांनी काड्या अशा रचल्या, की धूर सरळ वर जावा. तो सरळ वर गेला आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आडवा वळून कमळाबाईंच्या जावेच्या वाळत घातलेल्या साड्यांत शिरला. तक्रार आली. ती हाताळायला दिनानाथ पांढरा सदरा घालून खाली आले.

इथे मला एक तांत्रिक मुद्दा सांगायला हवा. वांगं न टोचता भाजलं, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट शोधते. मी हे आप्पांना सकाळी सांगितलं होतं. आप्पा म्हणाले होते, "टोचलं तर रस जातो, मॅडम. आम्ही पिढ्यान् पिढ्या असंच भाजतो." माझं म्हणणं बरोबर होतं की त्यांचं, यावर मी आजही मत देणार नाही. एवढंच सांगते, की एकूण वांग्यांपैकी फक्त एक फुटलं, आणि ते दिनानाथ "ह्या धुराबाबत" असं म्हणत वाकले तेव्हा फुटलं.

सदऱ्यावरचा गर बोटानं निपटत दिनानाथ उभे राहिले. चांगो इतके हसले, की बांधावर बसले. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं दिनानाथांचा सदरा पुसला. "माफ करा साहेब. एखादं असतं तसलं." त्या वेळी त्या दोघांची ओळख झाली. त्या ओळखीचा पुढे मला फार उपयोग झाला.

संध्याकाळपर्यंत भरीत तयार झालं. आप्पांनी उखळात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून ते ठेचलं, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर पेरली. मी चव घेतली. आणि अकरा वर्षं मी नवऱ्याच्या आवाजात जे ऐकत होते ते काय होतं, हे मला कळलं. तो वास वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. धुरातले घटक सांगू शकेन, पण ते सांगून काही उपयोग नाही. गुरुदत्त दोनदा बाहेर जाऊन आला.

पाहुणे आले. सुनीता आली, इतर आले. हॉलमध्ये ताटं मांडली. आप्पा धुतलेली टोपी घालून, हातात पळी घेऊन स्वतः वाढायला उभे राहिले. नियमाप्रमाणे कोणालाच बेत ठाऊक नव्हता. पुऱ्या वाढल्या, कोशिंबीर वाढली, आणि आप्पांनी सुनीताच्या ताटात भरिताचा पहिला डाव घातला.

सुनीतानं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "वसू, हे वांगं आहे का गं?"

"भरीत आहे."

"भरीत दिसतंय गं. पण वांग्याचं?"

"दुसऱ्या कशाचं असणार?"

तिच्या नवऱ्यानं हात ताटावरून मागे घेतला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनीता खाली मान घालून अगदी हळू म्हणाली, "अगं, आमचं जेजुरीचं आहे. चंपाषष्ठीपर्यंत आम्ही वांगं खात नाही. चंपाषष्ठी शुक्रवारी आहे."

"हो," मी म्हणाले. "दिनानाथ म्हणाले होते."

हे उत्तर पूर्णपणे खरं होतं. इतकं निरुपयोगी खरं उत्तर मी त्यापूर्वी दिलं नव्हतं. माझे वडील शास्त्राचे शिक्षक. आमच्या घरी भिंतीवर पंचांग नव्हतं, मूलद्रव्यांचा तक्ता होता. गुरुदत्त पंधराव्या वर्षी वसतिगृहात गेला, तिथे बारा महिने वांगंच मिळे. आणि आप्पांच्या शेतात वांगं पिकायचं; त्यांनी पाळलं असतं तर घर उपाशी राहिलं असतं. तिघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. पण दिनानाथांना सुचलं होतं, कमळाबाईंना सुचलं होतं, आणि जकात नाक्यावरच्या कारकुनालाही. प्रत्येकानं "आता?" नाहीतर "रविवारी?" असं विचारलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी तो माझा अपमान समजून घरी आले होते.

चारपैकी तीन कुटुंबं पाळणारी निघाली. त्या तिघांत आम्ही नव्हतो, म्हणजे उरलेलं चौथं आम्हीच. हे गणित मी त्या क्षणीही केलं.

"आम्ही कोशिंबीर-पुरी खातो ना," कोणीतरी म्हणालं. "छान झालीय कोशिंबीर."

आप्पा पळी घेऊन उभेच होते. गुरुदत्तनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. आप्पांनी ऐकलं, मान हलवली. "बरोबर आहे. देवाचं आहे. मीच विचारायला पाहिजे होतं." त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, हात धोतराला पुसले आणि गॅलरीत गेले. मी मागे गेले. ते आपली पिशवी बांधत होते.

"रात्रीची गाडी असेल ना मॅडम, नाशिकची? निघतो मी. ट्रकवाल्याचंही बघायचं आहे."

ट्रकवाल्याचं बघायचं काहीही नव्हतं. ते आता गेले तर पुन्हा येणार नव्हते, हे मला माहीत होतं, गुरुदत्तला माहीत होतं, आणि गुरुदत्त पातेल्याशेजारी उभा राहून ज्या तऱ्हेनं पाण्याचा पेला हातात धरून होता, त्यावरून हॉलमधल्या सगळ्यांना माहीत झालं असावं.

मी फार बोलणारी बाई नाही. त्या संध्याकाळी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी चपला न घालता जिन्यात गेले आणि समोरचं दार वाजवलं. तीन वर्षांत मी ते दार कधी वाजवलं नव्हतं.

दारात मुकादम उभे राहिले. जुन्या पनवेलचे, गोदीत नोकरीला. "काय झालं वहिनी? गॅस?"

"तुम्ही वांगं खाता का?" मी विचारलं. "आज?"

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. मागून त्यांची बायको आली. मी चंपाषष्ठी, जेजुरी, आप्पा हे सगळं एका दमात सांगितलं. इतकं लांबलचक वाक्य मी आधी बोलले नव्हते. मुकादम गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, बाकी काय ते अल्ला जाणे, पण ही बंदी आमच्यावर लागू नाही एवढं नक्की. किती माणसं हवीत?"

"घरातली सगळी."

खाली कमळाबाईंचं दार उघडंच होतं. "मी नाही खायची," त्या मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या. "तुम्हाला सांगत होते ना मी! आता, आता, म्हणून. तुम्ही आपल्या हिंगाचं ऐकून पळालात." मग त्यांनी पदर खोचला. "पुऱ्या पुरणार नाहीत. चला, लाटते मी."

दिनानाथांनी दार उघडलं. सदरा बदलला होता. "गोवेकर, तुम्ही..."

"मी पाळतो."

"माहीत आहे. पण आप्पा निघालेत."

दिनानाथांनी चष्मा घातला आणि ते माझ्याबरोबर वर निघाले.

चांगो अजून बांधावर विझत्या जाळाशी बसले होते. मी गॅलरीतून वाकून ओरडले. मी ओरडले, हे वाक्य लिहितानाही मला विचित्र वाटतं. "चांगोभाऊ, तुमच्यात वांगं चालतं का आत्ता? चंपाषष्ठीच्या आधी?"

खालून आवाज आला, "आमची एकवीरा आई, वैनी! ती कोंबडीला नाय बोलत नाय, तं वांग्याला काय बोलंल?"

"मग या! सगळे या!"

"ठकीला पन आनू?"

"सगळ्यांना!"

गॅलरीत आप्पा पिशवी हातात घेऊन माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मुकादमांचं कुटुंब आलं, पहिल्या मजल्यावरचं एक तमिळ जोडपं आलं, चांगोंची बायको ठकी, त्यांचे दोन भाऊ, वहिन्या, आणि दारात कोण कोण. हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही, म्हणून पाहुणे उठले. सुनीतानं पदर खोचला, पळी उचलली आणि ती आप्पांना म्हणाली, "काका, मला खाता येत नाही, पण वाढता येतं." तिचा नवरा, ज्याचा फेटा छोल्यांत पडला होता, तो डोक्याला काहीही न बांधता पुऱ्या घेऊन जिन्यापर्यंत गेला. माझ्या तीन मैत्रिणी, ज्यांना मी खानदेश खाऊ घालणार होते, त्या दिवशी वाढपी झाल्या. आणि मी इतका चांगला पाहुणचार कधीही केलेला नाही.

चांगोंनी पहिला घास घेतला. आप्पा त्यांच्याकडे बघत होते. चांगोंनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, ताट पुढे केलं. "आनकी वाढा."

"कोंबडी नाही त्यात," आप्पा म्हणाले.

"आठवन नाय आली तिची," चांगो म्हणाले. ठकी म्हणाली, "घरी कदी असं बोलत नाय मेला!" आणि सगळे हसले. आप्पाही हसले. त्यांचा एक दात पडलेला आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

दिनानाथ न जेवता भिंतीला टेकून उभे होते. एकदम ते म्हणाले, "न भाजलेली वांगी किती उरली?"

"दोन पोती."

"शुक्रवारपर्यंत टिकतील?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी शास्त्राची बाई. मी म्हणाले, "सावलीत, पसरून, हवा लागेल अशी ठेवली तर टिकतील."

"तर मग गच्चीची किल्ली घ्या. शुक्रवारी चंपाषष्ठी. धार्मिक कार्य. विनामूल्य." त्यांनी थोडा विचार केला. "डांबरावर चुली नकोत. जाळ चांगोंच्या शेतात आणि पंगत वर. आणि अर्ज नव्यानं द्यावा लागेल. निमित्ताच्या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगीन." मग आप्पांकडे वळून म्हणाले, "गणूआप्पा, शुक्रवारपर्यंत राहायला हवं. आम्हाला भाजता येणार नाही."

आप्पांनी गुरुदत्तकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीतली त्यांची पिशवी उचलून आत नेऊन ठेवली.

"राहतो मग," आप्पा म्हणाले.

दोन पोती वांगी इमारतीत वाटून ठेवली. कोणाच्या पलंगाखाली, कोणाच्या गॅलरीत, दिनानाथांच्या देवघराशेजारी. त्या आठवड्यात ज्या घरात जावं तिथे वांगी पसरलेली असत, आणि मी त्या आठवड्यात प्रत्येक घरात गेले. वांगी पाहायला म्हणून. आप्पा दिवसभर चांगोंच्या बांधावर बसत आणि दुपारी कमळाबाईंशी हिंगावरून भांडत. हा वाद अजून मिटलेला नाही.

शुक्रवारी नैवेद्य झाला, गच्चीवर पंगत बसली, आणि सुनीतानं भरिताचा पहिला घास खाऊन डोळे मिटून घेतले. ती काही बोलली नाही, आणि सुनीता काही बोलली नाही हा आमच्या प्रयोगशाळेत बराच काळ चर्चेचा विषय होता. जकात नाक्यावरचा कारकूनही आला होता. आप्पांनी त्याला शुक्रवारचं पुन्हा बोलावून ठेवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं दोनदा भरीत घेतलं आणि मला म्हणाला, "आता वेळेवर केलंत, मॅडम."

शनिवारी सकाळी आप्पा निघाले. कोपऱ्यावर चांगो मोटारसायकल घेऊन त्यांना स्टँडवर सोडायला उभे होते; आप्पांनी त्यांना धडप्यात बांधून वांग्याचं बी दिलं होतं, आणि ते इथल्या खाऱ्या वाऱ्यात कसं येतं ते पाहायला पुढच्या थंडीत येणार असं सांगून ठेवलं होतं. मला ते काहीच म्हणाले नव्हते. गुरुदत्त पिशवी घेऊन खाली गेला. आप्पा दारात चपला घालून उभे राहिले, मग थांबले. त्यांनी खांद्यावरचा फिरकीचा तांब्या काढला, फिरकी उघडली आणि तो माझ्यापुढे धरला. तो रिकामा होता.

"भरून दे, माय," ते म्हणाले. "लांबचा रस्ता आहे."

मी माठाशी गेले आणि तो काठोकाठ भरला. फिरकी लावताना थोडं पाणी सांडलं. माझ्या हातून एरवी कधी सांडत नाही.